रकाना

रुवीतल्या या टायपिंगच्या दुकानात सतरा वर्षं
मी उजवीकडून डावीकडे लिहिते आहे.
व्हिसा, भाडेकरार, हरवलेले पासपोर्ट
आणि गेल्या उन्हाळ्यापासून, खोकी.
घंटी वाजवून दारात सोडून दिलेली,
शेहेचाळीस डिग्रीत तापत बसलेली,
संध्याकाळी नसलेली.

थुरैयाबाईंची अत्तराची बाटली.
मबेल्यातल्या मास्तरांचं रक्तदाबाचं यंत्र.
एका तान्ह्या बाळाच्या दुधाचा डबा.
तेव्हा मात्र बोटं जरा जोरात पडली.

चहावाला कासिम सांगतो, कायदा बदलतोय म्हणे.
आधी दंडावर भागायचं,
आता कैद, आणि कैदेनंतर विमान.
खरं-खोटं त्याचं तो जाणे.
पण फिर्यादींच्या आवाजाला धार आलीय.
"लिही बाई, सगळं लिही," म्हणतात
आणि किंमत वाढवून सांगतात.

कायदा, कैद, माल, वकील,
हे सगळे कधीतरी गलबतात बसून इथून निघाले असणार,
दाभोळला उतरले
आणि तलाठ्याच्या दप्तरात मांडी घालून बसले.
चोर तेवढा आपला.
तो आधीपासून घरातच होता.

परवा माझंच खोकं गेलं.
आत काय, तर कुकरची रिंग.
एक रियाल चारशे बैसा.
एवढ्याशा रिंगेला हे एवढं खोकं!
घरमालकाने कॅमेरा उघडून दाखवला:
टिकाराम. जिना पुसणारा.
लपणं नाही, घाई नाही,
माझा पाण्याचा कॅन तिसऱ्या मजल्यावर आणतो
तसंच खोकं उचललं, बगलेत मारलं
आणि जाता जाता माझ्या दारापुढची फरशी पुसली.

रागावले मी. का नाही रागावणार?
तीन आठवडे डाळ पातेल्यात रटरटत होती,
शिजायचं नाव नाही.
गुरुवारी दुकान बंद करायच्या आधी
स्वतःची फिर्याद स्वतःच टाइप केली.
आरोपीचे नाव. राष्ट्रीयत्व. मालाची किंमत.
किंमत दोन रियाल लिहिली.
वरचे सहाशे बैसा माझे.
सवयीने स्वल्पविरामसुद्धा चुकला नाही.
बोट टेकवलं. गेली.

शुक्रवारी दाराच्या मुठीला रिंग लटकत होती.
नुसती रिंग. खोकं नाही.
जिन्याखालच्या त्याच्या खोलीत डोकावले.
खोकं भिंतीशी,
त्यात मुलीच्या चपला, रंगपेटी, एक जांभळा स्वेटर,
वर धनगढीचा पत्ता, अर्धा लिहिलेला.
"रिकामं समजलो, दीदी. हलकं लागलं.
रिंग तळाला होती."
खरं बोलत होता की नाही,
मला आजही सांगता येणार नाही.
फॉर्मात खोक्याच्या किमतीला रकाना नसतो.
'समजलो'लाही नसतो.

शुक्रवार, शनिवार सरकारला सुट्टी.
मी कुकर लावला.
शिट्टी झाली तशी दचकले.

रविवारी साडेसातला चौकीच्या काउंटरवर
फिर्याद मागे घेण्याचा अर्ज,
माझ्याच हातचा, बिनचूक.
पलीकडे खामिस. ओळखीचा.
त्याने कागद वाचला, उलटा केला,
मागच्या कोऱ्या बाजूकडेही थोडा वेळ बघितलं.
"माफ केलंस?"
"केलं."
तो शब्दही त्याच गलबतातला,
दोघांना सारखाच कळला.
"तू केलंस," तो म्हणाला,
"आता कायद्याचं काय म्हणणं आहे ते विचारतो,"
आणि आत गेला.

बाकावर बसून राहिले.
बाहेर एक मोटरसायकल थांबली.
पोराने चौकीच्या दारात खोकं ठेवलं,
दोन पावलं मागे सरून त्याचा फोटो काढला
आणि निघून गेला.